हात लावू नये

अकरावीच्या जीवशास्त्रात एक परिच्छेद होता, चार ओळींचा. शरीरातल्या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, याबद्दलचा. नव्व्याण्णव साली मी अर्जुनी मोरगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात लागलो आणि तेव्हापासून दरवर्षी तो परिच्छेद आला की खडू खाली ठेवून सांगायचो, "हे ऑप्शनला टाका रे. परीक्षेत येत नाही." पोरं खूश, मीही खूश. खरं कारण असं की ते मलाच धड कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी अंगात उत्साह होता, म्हणून 'सेल जंक्शन'ला शुद्ध मराठीत 'पेशीसंधी' म्हणून पाहिलं. मागच्या बाकावरच्या एकाने उठून विचारलं, "सर, ही संधी कोणत्या खात्यात निघाली?" दुसऱ्याला ते मराठी व्याकरणातलं वाटलं, त्याने विग्रह विचारला. मी दोघांनाही वर्गाबाहेर काढलं आणि त्यांच्यामागून परिच्छेदालाही.

हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे माझी जी फजिती झाली तिच्यात नशीब, कर्म, कुणाची नजर असलं काही नव्हतं. ज्याला पाच वर्षं ऑप्शनला टाकलं ते घरी येऊन बसलं, एवढंच.

बायकोचं माहेर दवनीवाड्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम राज्यघटनेत नसला तरी आमच्या सासूबाई तो घटनेतलाच समजतात. सातव्या महिन्यात, दोन हजार चार साली, मी बायकोला गाडीने गोंदियाला नेलं. जंक्शनवर उतरलो, तिला भूक लागली म्हणून फलाटावर भजे खाल्ले, आणि मग जीपमध्ये दाटीवाटीने बसून दवनीवाडा गाठला. हे भजे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावर खटला चालला.

मुलगी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात झाली, रडली चांगली, वजनही बरं होतं. फक्त एका घोट्याजवळ तिला कातडीच नव्हती, लालबुंद नुसतं. नर्सने मनगटाला आईच्या नावाची चिकटपट्टी लावली होती. दुसऱ्या दिवशी ती पट्टी काढली, तर पट्टीबरोबर मनगटाची कातडीही निघून आली. बिचारी नर्स हातात पट्टी धरून उभीच राहिली. तिची काही चूक नव्हती, जगातल्या कुठल्याही लेकराला तशीच पट्टी लावतात. आम्हाला त्याच दिवशी नागपूरला पाठवलं.

नागपूरचे कातडीचे डॉक्टर हिंदी बोलत. कातडीचा एक बारीक तुकडा काढून त्यांनी तपासायला बाहेरगावी पाठवला आणि काही आठवड्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. तोवर बायको आणि पोरगी तिथल्याच वॉर्डात होत्या. सोबत माझे सासरे होते. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, बालाघाट लाइनवर चावीवाले होते. म्हणजे रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी खालच्या स्लीपरला जखडलेले असतात त्या ढिल्या झाल्या का, हे रोज चालत पाहायचं आणि हातोडा मारून ठोकायच्या, हे त्यांचं काम.

डॉक्टरांनी मला विचारलं, "आप क्या करते हो?"

"टीचर. बायोलॉजी."

"फिर तो आपको क्या समझाना," ते म्हणाले. "जंक्शनल टाइप है."

मी मान हलवली. इतकी खोटी मान मी आयुष्यात दुसऱ्यांदा हलवलेली नाही. डॉक्टरांना माणसांची पारख असावी, कारण त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लेकराच्या कातडीचे थर बनायला लागतात. वरचा थर खालच्या थराला धरून राहावा म्हणून तिथे बारीक बारीक सांधे तयार होतात. डोळ्याला दिसत नाहीत असे. आपण हात घासतो, पाठ खाजवतो, पोराच्या कानाखाली देतो, तरी कातडी जागची हलत नाही ती त्या सांध्यांमुळे. आमच्या मुलीचे ते सांधे कच्चे बनले होते. घासलं की वरचा थर सुटणार, आत पाणी भरणार, फोड येणार. याच्यातही दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेची लेकरं वर्ष काढत नाहीत. आपली कोणती, ते आत्ताच सांगता येणार नाही.

"साल निकल गया, तो समझो निकल गया," डॉक्टर म्हणाले. "तब तक घिसना नहीं. दबाओगे तो चलेगा, लेकिन घिसना नहीं."

ते बोलून थांबले तेव्हा मला ओळख पटली. हाच तो परिच्छेद. माझ्या पोरीचा जीव त्या चार ओळींवर टांगला होता, आणि मी पाच वर्षं पोरांना सांगत आलो होतो की हे येत नाही.

सासरे मात्र सगळा वेळ एकाच शब्दावर अडकून बसले होते. परतताना गाडीत त्यांनी दोनदा विचारलं, "डॉक्टर जंक्शन म्हणाला ना?" मी म्हटलं, हो. दुसरं काही बोलायचं मला त्राण नव्हतं. तिथेच घोळ झाला. संध्याकाळच्या आत दवनीवाड्यात बातमी झाली की मास्तरच्या पोट्टीले गोंदिया जंक्शनवर लागलं. काय लागलं, हे कोणी विचारलं नाही. जंक्शन म्हटल्यावर काहीही लागू शकते, चार दिशेच्या गाड्या येतात, चार दिशेची माणसं येतात. त्यात बायकोने फलाटावर भजे खाल्ल्याची कबुली दिली. झालं. त्यानंतर वर्षभर, माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या पोरी जंक्शनवर उतरेनात. एक स्टेशन आधी उतरून, वाटेल तो ऑटो करून, आडरस्त्याने गावात यायच्या. पोटुशी बाई आणि तो ऑटो आणि ते खड्डे. जंक्शनवर काही लागलं नसतं, ते ऑटोत लागलं असतं. मी सांगून सांगून थकलो. पालथ्या घड्यावर पाणी.

पण गाव राहू द्या. माझा खरा मुकाबला होता घरात, सासूबाईंशी.

सासूबाई म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगाला पहिलं तेल लावणारी बाई. सरपंचाला त्यांनी चोळलं, अंगणवाडीच्या मॅडमला चोळलं, ज्याला पोलिसात नोकरी लागली त्याची छाती आपल्याच हाताने रुंद झाली असं त्या सांगायच्या. पाय लांब करून बसायचं, लेकराला पायांवर पालथं घालायचं, कोमट जवसाचं तेल, मग कणकेच्या गोळीने अंगावरची लव काढायची, मग गरम पाण्याने आंघोळ. स्वतःच्या पहिल्या नातीसाठी त्यांनी तेलाची बाटली तीन महिने आधीच वेगळी काढून ठेवली होती. आणि मी, गावचा जावई, ज्याला दवनीवाड्यात पाट-पाणी सगळं मिळतं पण बाळंतिणीच्या खोलीत मत मिळत नाही, तो दारात उभा राहून सांगू लागलो की तेल लावायचं नाही.

"काऊन?" सासूबाई म्हणाल्या.

"कातडी निघते."

"मले शिकवून राहिले का, जवाई? एवढे पोट्टे चोळले, कोनाची कातडी निघाली?"

"आई, हिची निघते."

"तेल नाई लावलं तं हाडं कशी बसतीन? पोट्टी वाकडी होईन."

मग मी मास्तरकी केली. अंगणातल्या भिंतीवर खडूने आकृती काढली. वर एक थर, खाली एक थर, मध्ये सांधे. सांधे नीट कळावेत म्हणून मी त्यांना रुळांचा आकार दिला. ही माझी घोडचूक. सासूबाई, बायको आणि शेजारच्या दोन बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या. माझं बोलून झाल्यावर एक शेजारीण म्हणाली, "म्हंजे पोट्टीच्या अंगातून गाड्या जातात का?" दुसरी म्हणाली, "जाऊ दे वो, मास्तर थकून राहिले."

कळलं फक्त सासऱ्यांना. ते आकृतीजवळ आले, खालच्या थरावर बोट ठेवलं, वरच्या थरावर ठेवलं, आणि म्हणाले, "हा स्लीपर. हा रूळ. आन मंदात चाव्या ढिल्या."

"बरोबर. अगदी बरोबर."

"मंग हे जंक्शन कायले म्हनते? जंक्शन वेगळं, चावी वेगळी." डॉक्टरला रेल्वेतलं काही कळत नाही, असा त्यांनी निकाल दिला. त्या दिवसापासून रोज सकाळी ते पाळण्याजवळ येऊन, हात पाठीमागे बांधून, पोरीला पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत नुसते डोळ्यांनी तपासायचे. जुनी सवय. कुठे नवा फोड दिसला की मोठ्याने सांगायचे, "डाव्या मांडीले एक ढिल्ली." मग बायको सुई उकळून फोडातलं पाणी काढायची आणि व्हॅसलीन लावलेलं मऊ कापड ठेवायची. ठोकायला त्यांच्याजवळ हातोडा नव्हता, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

सासूबाईंनी तेलाचं नाव काढणं सोडलं. ती माघार आहे असं मी समजलो. चौथ्या दिवशी दुपारी बायकोचा डोळा लागला होता आणि मी अंगणात होतो. आतून पोरीची किंकाळी आली. धावत गेलो तर सासूबाई पाळण्याजवळ बसलेल्या, उजव्या हाताचं एक बोट हवेत धरलेलं. बोटाला तेल. एकच बोट त्यांनी तेलात बुडवून पोरीच्या मांडीवरून फिरवलं होतं, वरून खाली, एकदाच. त्या बोटाखाली कातडी गोळा होत गेली होती आणि मागे लाल पट्टा राहिला होता.

मी त्या दिवशी सासूबाईंना जे बोललो ते इथे लिहीत नाही. जावयाने सासूला तसं बोलू नये. त्यांनी बोट खाली केलं नाही. तशाच उठल्या आणि चुलीजवळ जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "जवाई, इकडे या." समोर दुधाचं गंज, म्हणजे पातेलं, होतं, रात्रीचं दूध, वर चांगली जाड साय. त्यांनी तेच बोट सायीवर टेकवलं. साय हलली नाही. मग बोट जरासं सरकवलं. सगळी साय सुरकुतून बोटापुढे गोळा झाली आणि खालचं दूध उघडं पडलं.

"असंच हाय ना?"

"असंच आहे."

"मंग भितीवर गाड्या कायले काढत होते?"

नातवंडाला दुधावरची साय म्हणतात हे मी शंभरदा ऐकलं होतं. लाडाने म्हणतात, दुधापेक्षा साय प्यारी म्हणून. तिचा असाही अर्थ निघतो, हे मला त्या बाईने शिकवलं, आणि माझ्याकडे एम.एस्सी. होती. मला फार लाज वाटली. मी म्हटलं, "आई, नुसता हात ठेवला तर चालते. डॉक्टर म्हणाले. सरकवायचा नाही फक्त."

त्यांनी आपले दोन्ही पंजे उलटेसुलटे करून पाहिले. धानाच्या रोवण्याने खरखरीत झालेले. "माह्या हाताचा भरोसा नाई," त्या म्हणाल्या. "ठेवला का आपोआप सरकते." आणि त्यांनी नातीला हात लावणं बंद केलं. पार बंद. मी नंतर कितीदा तरी समजावलं, पण त्या पाळण्यापासून हातभर लांबच बसत. हात मांडीखाली दाबून.

पण हातांना काम हवं. आठ दिवसांनी मी पाहिलं तर सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि पायांवर पाट्याचा वरवंटा होता. त्याला तेल चोळत होत्या. शेजारच्या घरांत बारशाला पाळण्यात आधी वरवंटा घालतात. आमच्या घरांतून ती पद्धत छप्पनच्या दीक्षेपासून सुटलेली. सासरे म्हणाले, "हे काय पुन्हा जुनं काढून राहिली?" सासूबाई म्हणाल्या, "हा धर्म नाई, हा वरवंटा हाय." पुढचे पंधरा दिवस घरात मिरचीच्या ठेच्याला जवसाच्या तेलाचा वास यायचा. शेवटी मीच गोंदियाच्या बाजारातून एक बाहुली आणली. प्लॅस्टिकची, लेकराएवढी मोठी, गुलाबी गालांची, आडवी केली की डोळे मिटणारी. सासूबाईंनी ती हातात घेऊन वजन पाहिलं, पालथी घातली, पाठीवरून एक हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोट पोकळ हाय." पण ठेवून घेतली.

आता गावाचं सांगतो. लेकरू पाहायला येणारा माणूस नुसतं पाहत नाही. तो गालगुच्चा घेतो, बगलेत हात घालून वर उचलतो, तोंडाला तोंड घासतो. ही प्रेमाची माणसं, त्यांना अडवायचं कसं? सासऱ्यांनी तोडगा काढला. भंगारवाल्याकडून विजेच्या डीपीवरची जुनी पाटी आणली. लाल रंग, 'धोका', आणि खाली हाडांच्या फुलीवर कवटी. ती पाळण्याच्या दांडीला बांधली आणि तिच्याखाली पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'हात लावू नये'.

बायको चिडली. "माह्या पोरीच्या पाळण्यावर मुडद्याची खोपडी?"

"नुसता कागद लावला तं वाचते कोन?" सासरे म्हणाले. "खोपडी पाहून मानूस थांबते."

आणि माणसं थांबली. पण प्रेम तर वाहून आलेलं, ते परत कुठे न्यायचं? सासूबाई मग त्यांच्या हातात बाहुली द्यायच्या. पहिल्या दिवशी लोक लाजले. आठ दिवसांत सवय झाली. बाया यायच्या, पाटीपासून हातभर लांबून पोरीकडे पाहायच्या आणि बाहुलीचा पटापट मुका घ्यायच्या. बाहुलीच्या गालाला काजळाचा टिळा लागला. बाहुलीला कुंच्या आल्या, झबली आली. नामकरणाला बुद्धवंदना झाली, पोरीचं नाव ठेवलं, आणि मग आशीर्वादासाठी बाहुली सगळ्यांच्या हातांतून फिरली. पोलिओच्या रविवारी अंगणवाडीच्या मॅडमनी पोरीच्या तोंडात लांबून दोन थेंब सोडले आणि शाईची खूण बाहुलीच्या करंगळीला केली. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, "सर, खून तं केलीच पाहिजे." कायदेशीरदृष्ट्या आमच्या बाहुलीचं लसीकरण पूर्ण आहे.

मी दर शनिवारी अर्जुनीहून यायचो. गल्लीच्या तोंडाशी थांबून आधी घरातून रडण्याचा आवाज येतो का ते ऐकायचो. कोणतं रडणं, लहान की मोठ्या माणसाचं, ते ओळखायचो, आणि मगच पुढे जायचो. एवढी भीती मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. पोरीला सुपात कापूस पसरून त्यावर निजवायचे आणि सुपासकट उचलायचे. शिवणी टोचू नयेत म्हणून तिचे सगळे कपडे उलटे घालायचे, शिवण बाहेर. रस्त्याने कोणीही भेटलं की म्हणायचं, "मास्तर, झबलं उलटं घातलं." मी पहिल्या शंभर लोकांना कारण सांगितलं. नंतर नुसतं "हो का?" म्हणायला शिकलो.

वर्ष निघालं. ज्या दिवशी वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी सासऱ्यांनी पोरीला अंगठ्यापासून टाळूपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "लाइन चालू." सासूबाई बाहुलीला मांडीवर घेऊन घळाघळा रडल्या. मीही रडलो. फोड होतेच, पण पोरगी होती.

कॉलेजात आता मी तो परिच्छेद चार दिवस शिकवू लागलो. पाट्या-वरवंट्यासकट शिकवायचो. एका वर्षी वर्गात दूध तापवून साय आणली. पोरं तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य मला म्हणाले, "अहो, हे परीक्षेत येत नाही." मी म्हटलं, "सर, घरी येते."

पोरगी बोलायला लागली, चालायला लागली. गुडघ्यांना कापसाच्या गाद्या बांधून, उलट्या फ्रॉकात. सुट्टी लागली की आम्ही दवनीवाड्याला, आणि तिथे ती पाटी अजून होतीच, पाळण्यावरून आता तिच्या खाटेवरच्या भिंतीवर आलेली. इतर मुलं क-कमळापासून वाचायला लागतात, आमची 'धोका'पासून लागली. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, काय काय वाचता येतं? तिने फळ्याकडे न पाहता सांगितलं, "धोका. हात लावू नये."

बाहुलीही वाढली म्हणायची. म्हणजे झिजली. सहा वर्षांत तिचं नाक घासून सपाट झालं, गालांचा गुलाबी रंग पार उडाला, एक डोळा मिटेनासा झाला. एवढ्या लोकांनी तिला चोळलं, गोंजारलं, तोंडाला तोंड घासलं. ती पाहिली की मला कळायचं की माझ्या पोरीच्या वाट्याचं गावात किती प्रेम होतं आणि ते कुठे गेलं.

दोन हजार दहाच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, आम्ही दवनीवाड्याला होतो. पोरगी सहा वर्षांची. सकाळचं ऊन अंगणात आलेलं. सासूबाई पाय लांब करून बसल्या होत्या आणि रोजच्यासारखी बाहुली पालथी घालून तिच्या पाठीला तेल चोळत होत्या. पोरगी दारात उभी राहून किती तरी वेळ पाहत होती.

"तिले सगळे घेतात," ती मला म्हणाली.

"अगं, ती बाहुली आहे."

"मंग मी कोन हाव?"

ती आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग ती पाटी छातीशी धरून बाहेर आली, कवटी समोर. आजीच्या पायांवरून तिने बाहुली एका हाताने उचलली, भिंतीला टेकवून बसवली आणि पाटीची सुतळी बाहुलीच्या गळ्यात घातली. नीट सरळ केली. मग आली आणि त्या रिकाम्या झालेल्या पायांवर पालथी झोपली.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर माणूस, तोंड उघडायची सवय. कपडा मऊ आहे का, पायावर चिरगुट घाला, वीस सूचना माझ्या जिभेवर होत्या. एकही दिली नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी हात पाठीमागे बांधले.

सासूबाईंनी पदराने हात पुसले. तेल पूर्ण जाईपर्यंत पुसले. उजवा पंजा पोरीच्या पाठीवर धरला, पण वीतभर वरच.

"ठेव ना आजी," पोरगी म्हणाली.

त्यांनी ठेवला. उलट्या फ्रॉकच्या शिवणीच्या बाजूला, मणक्यावर, अख्खा पंजा.

"सरकू देऊ नोको," सासरे हळूच म्हणाले.

"चूप राहा."

पंजा हलला नाही. आयुष्यभर फिरत आलेला हात त्या बाईने कसा धरून ठेवला असेल ते तिलाच ठाऊक, मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. आत चुलीवरचं दूध उतू गेलं, करपल्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही. पोरीने डोळे मिटले होते. सहा वर्षांत मी तिला एवढी स्वस्थ पडलेली पाहिली नव्हती.

संध्याकाळी तिचा फ्रॉक बदलताना बायकोला पाठीवर एक नवा फोड दिसला. चण्याएवढा. आजीचा अंगठा तेवढा जरासा सरकला असावा. सासूबाईंनी तो पाहिला आणि खाली बसून दोन्ही हात मांडीखाली दाबले. बायको सुई उकळायला निघाली, तर पोरीने पाठ भिंतीकडे केली आणि काही केल्या फोड फोडू देईना. उद्या, म्हणाली. आणि चप्पल न घालताच बाहेर पळाली.

मी मागे गेलो. ती गल्लीत घरोघर थांबत होती. प्रत्येक दारात पाठमोरी होऊन, मागचे बंद सोडलेला फ्रॉक धरून, सगळ्यांना दाखवत होती.

"हा माह्या आजीचा हाय," ती सांगत होती. "हात लावू नोका."